जमिनीच्या आया: बोगनव्हिलच्या स्त्रियांनी मागितलेली मध्यस्थी

पॅसिफिक महासागरातील बोगनव्हिल बेटावर १९८८ ते १९९८ अशी दहा वर्षे स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून युद्ध चालले. सुरुवातीला एका बाजूला पापुआ न्यू गिनीपासून वेगळे होऊ पाहणारे बंडखोर होते आणि दुसऱ्या बाजूला त्या देशाचे सैन्य. पुढे बेटावरचे लोकच एकमेकांवर उठले. ही यादवी मिटवण्यासाठी तिथल्या स्त्रियांनी दोन कामे बरोबरीने केली. जंगलात गेलेल्या मुलांना त्यांनी घरी आणले, आणि बाहेरच्या कुणीतरी मध्ये पडावे म्हणून सोलोमन बेटांपासून जिनिव्हापर्यंत अनेकांचे उंबरे झिजवले. १९९७ मध्ये न्यूझीलंडने मध्यस्थी केली आणि बंदुका थांबल्या. त्या मध्यस्थीची जमीन स्त्रियांनी आधीच नांगरून ठेवली होती.

बोगनव्हिलचे क्षेत्रफळ सुमारे ९,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या अडीचपट. युद्ध सुरू झाले तेव्हा लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास होती. १७६८ मध्ये या किनाऱ्याजवळून गेलेल्या लुई आंत्वान द बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याचे नाव बेटाला पडले. आपल्या अंगणातली बोगनवेलही त्याच्याच नावाची. भूगोलाने आणि नात्यागोत्याने हे बेट शेजारच्या सोलोमन बेटांचे. पण आधी जर्मनी आणि १९१४ नंतर ऑस्ट्रेलिया अशा राजवटी बदलत ते पापुआ न्यू गिनीच्या वाट्याला आले. त्या देशाला १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. त्याच्या पंधरा दिवस आधी, १ सप्टेंबरला, बोगनव्हिलच्या पुढाऱ्यांनी स्वतःचे वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले होते. जगाने त्याकडे लक्ष दिले नाही, आणि प्रांतिक सरकारच्या तडजोडीवर ते प्रकरण तेव्हा मिटले.

या बेटाच्या बहुतेक भागांत कुळ आईकडून चालते. मूल आईच्या कुळाचे असते आणि जमीनही त्याच वाटेने पुढच्या पिढीकडे जाते. मेघालयातील खासी समाजाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन समजेल. दक्षिणेकडचा बुइन भाग मात्र याला अपवाद आहे. तिथे वारसा बापाकडून येतो. बाकी बेटावर स्त्रीला जमिनीची आई म्हणतात, आणि ते केवळ गौरवाने म्हटलेले नसते. कोणत्या कुळाची हद्द कुठवर, कोणत्या ओढ्यापलीकडे कुणाचा मळा, वाडवडील कुठे पुरले आहेत, याची माहिती आणि त्यावर बोलण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. मात्र चारचौघांत कुळाच्या वतीने बोलायला बहुधा तिचा भाऊ किंवा मामा उभा राहतो. परके आले की घोटाळा होतो तो इथेच. परका येतो, पुरुषाशी बोलतो, त्याचा अंगठा घेतो आणि जमिनीचा सौदा झाला असे समजतो.

खाणीच्या वेळी नेमके हेच घडले. १९६० च्या दशकात पांगुनाच्या डोंगरात तांबे आणि सोने सापडले. ऑस्ट्रेलियन प्रशासनाने खाण कंपनीला परवाना दिला तो जमिनीखालचे सगळे सरकारचे, या कायद्याच्या आधारावर. बेटावरच्या माणसाला हा कायदा कळणे शक्यच नव्हते. जमिनीचा वरचा थर आईचा आणि खालचा थर सरकारचा, ही वाटणी त्याने कधी ऐकलेली नव्हती. ऑगस्ट १९६९ मध्ये बंदरासाठी रोरोव्हाना गावची जमीन घ्यायला मोजणीदार आणि पोलीस आले, तेव्हा पुढे झाल्या त्या बायका. त्यांनी जमिनीत रोवलेला काँक्रीटचा हद्दीचा खांब धरला आणि पोलिसांशी झोंबत तो उपटून काढला. काही दिवसांनी पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि लाठ्या चालवल्या. त्या लाठीमाराच्या बातम्या ऑस्ट्रेलियात छापून आल्या आणि तिथे मोठा गहजब झाला. खाण तरीही झाली.

१९७२ पासून पांगुनातून उत्पादन सुरू झाले. जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या खाणींत तिची गणना होऊ लागली, आणि पापुआ न्यू गिनीच्या एकूण निर्यातीतला सुमारे ४४ टक्के वाटा एकट्या या खड्ड्यातून येत असे. नव्या देशाचा संसार त्यावर चालला. खाणीखालच्या जाबा नदीत एक अब्ज टनांहून अधिक गाळ आणि दगडचुरा सोडला गेला. नदीचे पात्र फुगले, काठच्या बागा गाडल्या गेल्या, मासे गेले. भरपाईची रक्कम जमीनधारकांच्या हाती पडेपर्यंत अगदीच किरकोळ होत असे, आणि ती कुणाच्या हाती द्यायची हेही बाहेरच्यांनीच ठरवले होते. १९८७ मध्ये जमीनधारकांची नवी संघटना उभी राहिली. तिच्या अध्यक्षा पर्पेच्युआ सेरेरो होत्या आणि सचिव होते त्यांचे नातलग फ्रान्सिस ओना, जे पुढे बंडाचे नेते झाले. त्यांनी कंपनीकडे दहा अब्ज किना (पापुआ न्यू गिनीचे चलन) भरपाई मागितली. ती मागणी उडवून लावण्यात आली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खाणीच्या सुरुंगांचीच दारू वापरून विजेचे मनोरे पाडले जाऊ लागले. मे १९८९ मध्ये खाण बंद पडली ती कायमची. सेरेरो त्याच वर्षी वारल्या.

सरकारने आधी पोलीस आणि मग सैन्य धाडले. गावे जाळली गेली, आणि खाणीचा वाद स्वातंत्र्ययुद्ध होऊन बसला. मार्च १९९० मध्ये सैन्य बेट सोडून गेले, पण जाताना सरकारने बेटाची नाकेबंदी केली. १७ मे १९९० रोजी ओनांनी स्वातंत्र्य जाहीर केले. ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या ‘एंडेव्हर’ या नौदलाच्या जहाजावर दोन्ही बाजूंचा करार झाला. तो टिकला नाही. जानेवारी १९९१ मध्ये सोलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात, दुसरा झाला, त्याचेही तेच झाले.

या युद्धात गोळीपेक्षा नाकेबंदीने जास्त माणसे गेली, असे बेटावरचे लोक सांगतात. औषधे नाहीत, रॉकेल नाही, साबण नाही, कपडे नाहीत, शाळा बंद. साधी औषधे आणि लसी न मिळाल्याने मलेरिया आणि गोवर यांनी मुले दगावली. बायका झाडपाल्याखाली, डोंगरात, बाळंत झाल्या. समुद्राचे पाणी उकळून मीठ काढले जाई, खोबरेल तेलावर दिवे आणि पुढेपुढे मोटारीही चालत. एकूण किती माणसे मेली याचे अंदाज दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत आहेत. दीड लाखांच्या वस्तीत हा आकडा काय असतो ते वेगळे सांगायला नको; बेटावर असे घर नाही ज्याने कुणाला पुरले नाही.

आणि मग वैर घरात शिरले. बंडखोरांच्या जुलमाला कंटाळून अनेक गावांनी सैन्याला परत बोलावले. सैन्याच्या मदतीने लढणारी स्थानिक प्रतिकार दले उभी राहिली. एकाच आईचे दोन मुलगे दोन बाजूंना, अशी स्थिती झाली. सैन्याच्या ताब्यातल्या भागात लोकांना छावण्यांत ठेवले जाई. स्वतःच्या मळ्यात रताळी काढायला जायचे तरी सैनिकाची परवानगी लागे, आणि बलात्काराची भीती दोन्हीकडच्या बंदूकधाऱ्यांकडून होती. अशा ठिकाणी मध्यस्थ म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा? सरकार पक्षकार, बंडखोर पक्षकार, शेजारचा ऑस्ट्रेलिया सरकारला शस्त्रे आणि हेलिकॉप्टर देणारा. गावातला वडीलधारा पुरुष कुठल्या ना कुठल्या बाजूचा मानला जाई. बाहेरचा माणूस हवा, हा स्त्रियांचा आग्रह या रोजच्या अनुभवातून आला होता.

पण बाहेरचा माणूस येण्याआधी घरातली माणसे बोलती व्हावी लागतात, हेही त्या जाणून होत्या. चर्चच्या महिला मंडळांचे जाळे युद्धात मोडले नव्हते. प्रार्थनेसाठी जमण्याला कुणी हरकत घेऊ शकत नसे, म्हणून प्रार्थनेतून सुरुवात झाली. सेलाऊ भागात बायकांनी रात्रभर जागून प्रार्थना केल्या, आणि तिथल्या तरुणांनी शस्त्रे खाली ठेवली. आया स्वतः जंगलात जात, मुलांना शोधत, घरी चला म्हणून विनवत. आई समोर उभी असताना बंदूक उचलणे तिथल्या मुलाला अवघड जाते. जमीन जिची, कूळ जिचे, तिच्यासमोर हात उगारणे म्हणजे आपल्याच मुळावर घाव घालणे. तरीही हे काम धोक्याचे होते. एका बाजूच्या गावातून दुसऱ्या बाजूच्या गावात गेलेली बाई हेर ठरू शकत होती.

बेटाच्या उत्तरेकडे, बुका भागात, हेलन हाकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘लैताना नेहान’ ही संस्था सुरू केली. लैताना म्हणजे बुका बेट आणि नेहान म्हणजे निसान बेट. दोन बेटांच्या नावांची ही जोडी. हाकेना शिक्षिका होत्या. युद्धाच्या काळात, १९९० मध्ये, वैद्यकीय मदतीशिवाय त्यांना मुदतीआधीच प्रसूत व्हावे लागले होते. त्यांची संस्था सैन्याच्या ताब्यातल्या भागात काम करी: अत्याचार झालेल्या मुलींना धीर द्यायचा, गावागावांत तरुणांशी बोलायचे, दारूच्या भट्ट्यांविरुद्ध उभे राहायचे. नाझरेथच्या भगिनी या संघातील नन लोरेन गारासू यांनी वेगवेगळ्या पंथांच्या स्त्रियांना आंतरचर्च महिला मंचात एकत्र आणले. बेटावर कॅथलिक, मेथडिस्ट परंपरेचे युनायटेड चर्च आणि सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट अशी तीन मोठी चर्चे आहेत, आणि एरवी त्यांच्यात फारसे सख्य नाही.

बंडखोरांच्या ताब्यातल्या डोंगरांत वेगळी संघटना उभी राहिली: ‘शांती आणि स्वातंत्र्यासाठी बोगनव्हिलच्या स्त्रिया’. तिच्या प्रमुख जोसेफिन कौओना सिरिव्ही या बंडखोर सेनापती सॅम कौओना यांच्या पत्नी. हाकेनांना आधी शांतता हवी होती, तर सिरिव्हींच्या संघटनेच्या नावातच स्वातंत्र्य होते. शांतता आधी की स्वातंत्र्य आधी, यावर स्त्रियांतही मतभेद होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. स्त्री म्हणून सगळ्या एकाच सुरात बोलल्या, असे चित्र परदेशी लेखनात अनेकदा रंगवले जाते. ते खरे नाही, आणि त्यामुळे त्यांचे श्रेय कमीच होते. उद्देश वेगळे असतानाही त्या एका खोलीत बसल्या, ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

बेटाबाहेर जाण्याची वाट समुद्राची होती. दक्षिण टोकापासून सोलोमन बेटांचा किनारा दिसतो. रात्री छोट्या होड्यांतून, गस्तीच्या नौका चुकवत, औषधे आत येत आणि माणसे व बातम्या बाहेर जात. होनियारात बोगनव्हिलच्या निर्वासितांचे ठाणे झाले होते. सिडनीत मॅरिलिन टालेओ हाविनी राहत. जन्माने ऑस्ट्रेलियन, लग्नाने बोगनव्हिलच्या. होड्यांतून आलेल्या माहितीतून त्यांनी मारलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि अत्याचार झालेल्या माणसांच्या नोंदी लावल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे बेटाचा प्रश्न मांडला. पत्रकारांना बंदी असलेल्या बेटाबद्दल जगाला जे कळत होते, त्यातले पुष्कळ या नोंदींमुळे. आयोगाने १९९३ पासून बोगनव्हिलबद्दल ठराव केले, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये बेकायदा हत्यांची चौकशी करणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक बाक्रे वाली न्दिये बेटावर जाऊन आले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेतही बोगनव्हिलच्या स्त्रियांनी आपले गाऱ्हाणे मांडले.

१९९५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील केर्न्स शहरात बोलणी झाली. संयुक्त राष्ट्रे आणि राष्ट्रकुल यांचे प्रतिनिधी प्रथमच एका टेबलाशी होते. पण जानेवारी १९९६ मध्ये, त्या बोलण्यांहून परतणाऱ्या बंडखोर प्रतिनिधींच्या बोटीवर सैन्याने गोळीबार केला आणि सगळे पुन्हा फिसकटले. ऑक्टोबरमध्ये बेटाचे हंगामी मुख्यमंत्री थिओडोर मिरियुंग यांची हत्या झाली. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा मुख्य पुरुष गेला.

या दोन घटनांच्या मधोमध, ऑगस्ट १९९६ मध्ये, अरावा या उजाड झालेल्या शहरात आंतरचर्च महिला मंचाची परिषद भरली. सातशे स्त्रिया आल्या. त्यातल्या कित्येकींनी गेली सहा-सात वर्षे नातेवाइकांचे तोंड पाहिले नव्हते. आठवडाभर त्या एकत्र राहिल्या, एकमेकींना आपापले मृत सांगितले, आणि गावोगाव शांततेचे काम कसे वाटून घ्यायचे ते ठरवून परतल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात दोन्ही बाजूंच्या स्त्रियांची आणखी एक बैठक झाली. पुरुषांच्या वाटाघाटी मोडल्या असताना बेटाच्या दोन्ही भागांत निरोप जाऊ शकत होते ते या ओळखींवरून.

१९९७ च्या सुरुवातीला पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी सँडलाइन या ब्रिटिश कंपनीशी भाडोत्री सैनिकांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. देशाच्याच सेनापतीने, जेरी सिंगिरॉक यांनी, त्याला विरोध करून ते सैनिक पकडले, आणि मार्चमध्ये चॅन यांना पायउतार व्हावे लागले. लष्करी तोडग्याची आशा संपली. न्यूझीलंडचे परराष्ट्रमंत्री डॉन मॅकिनन यांनी ही संधी साधली. जुलैमध्ये क्राइस्टचर्चजवळच्या बर्नहॅम लष्करी तळावर बोगनव्हिलच्या सर्व गटांना बोलावले गेले. पापुआ न्यू गिनीच्या सरकारला या पहिल्या बैठकीत जागा नव्हती. आधी घरातले भांडण घरातल्यांनी मिटवायचे, मग सरकारशी बोलायचे, असा क्रम ठरला होता. माओरी पद्धतीने पाहुण्यांचे स्वागत झाले. यजमानांनी विमाने, बराकी, जेवण पुरवले आणि चर्चेत ढवळाढवळ केली नाही. शिष्टमंडळांत स्त्रियाही होत्या. १८ जुलैला बर्नहॅम जाहीरनामा निघाला, ऑक्टोबरमध्ये तिथेच युद्धविराम ठरला.

जानेवारी १९९८ मध्ये लिंकन विद्यापीठात मोठी परिषद झाली, तेव्हा पन्नास स्त्रिया गेल्या. मुख्य टेबलाशी त्यांना फारशी जागा मिळाली नाही. करार करणारे आणि सह्या करणारे बहुतेक पुरुषच होते. स्त्रियांनी मग स्वतःचे निवेदन तयार करून परिषदेपुढे मांडले: जमीन आमच्या कुळांतून चालते, म्हणून तिच्याबद्दलचा निर्णय आमच्याशिवाय होऊ नये, आणि शांतताप्रक्रियेच्या प्रत्येक पायरीवर आम्हाला घ्यावे. २३ जानेवारीला झालेल्या लिंकन कराराने युद्ध कायमचे थांबवायचे ठरले. ३० एप्रिलला अरावात शस्त्रसंधी अमलात आली.

या मध्यस्थीतला सर्वांत धाडसी भाग म्हणजे देखरेखीला आलेली माणसे निःशस्त्र होती. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि वानुआतू यांचे सैनिक व नागरी कर्मचारी पिवळे शर्ट घालून, बंदुकीशिवाय, गावोगाव फिरत. त्यांच्यात स्त्रियाही होत्या, आणि हे फार कामाचे ठरले. पथकातली बाई आली की गावातल्या बायका तिच्याशी बोलत, आणि रात्री कोण दहशत घालतो, शस्त्रे कुठे लपवली आहेत, कुणाची दिलजमाई अडून बसली आहे, हे त्यांच्याकडूनच कळे. दिलजमाईचा विधी गावच्या रीतीने होई: डुकरे कापायची, सुपारी एकत्र खायची, धनुष्यबाण मोडायचे, मृतांची नावे घ्यायची. बाहेरचे पथक तिथे साक्षीदार म्हणून बसे. संयुक्त राष्ट्रांचे छोटे राजकीय कार्यालयही बेटावर उघडले. पथके जून २००३ पर्यंत राहिली.

३० ऑगस्ट २००१ रोजी अरावात बोगनव्हिल शांतता करार झाला. स्वायत्त सरकार, शस्त्रांची विल्हेवाट, आणि पहिल्या स्वायत्त निवडणुकीनंतर दहा ते पंधरा वर्षांच्या आत स्वातंत्र्यावर सार्वमत, हे त्याचे तीन खांब. त्याच वर्षी ‘लैताना नेहान’ला स्त्रियांसाठीचा सहस्रक शांतता पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये स्वायत्त विधानसभा आली आणि तिच्यात स्त्रियांसाठी तीन जागा राखीव ठेवल्या गेल्या. त्या तीन जागा मिळाल्या म्हणजे आता इतर जागांवर स्त्रीने उभे राहू नये, असाही समज पसरला. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मतदारसंघातून पहिली स्त्री, जोसेफिन गेत्सी, निवडून आली ती २०१५ मध्ये. बंदुका गेल्या तरी घरातली मारहाण राहिली होती, आणि युद्ध पाहिलेल्या पुरुषांत दारू वाढली होती. गारासू आणि हाकेना यांच्या संस्था शांतता करारानंतर प्रामुख्याने याच कामाला लागल्या.

सार्वमत २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१९ या काळात झाले. त्यासाठीच्या आयोगाचे अध्यक्ष आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न होते, म्हणजे या टप्प्यावरही बाहेरचा माणूस मध्ये होता. वैध मतांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक, १,७६,९२८ मते, स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. जास्त स्वायत्ततेच्या बाजूने ३,०४३. हा कौल बंधनकारक नाही. पापुआ न्यू गिनीच्या संसदेने तो मान्य करावा लागतो. तिथेच घोडे अडले आहे. २०२४ मध्ये न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जनरल जेरी माटेपराए यांना दोन्ही सरकारांतील बोलण्यांसाठी समन्वयक नेमले गेले. ते पूर्वी देखरेख पथकात बेटावर काम करून गेले होते. जून २०२५ ची बोलणी पुन्हा बर्नहॅममध्येच झाली. बोगनव्हिलच्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख सुचवली आहे.

पांगुनाचा खड्डा अजून उघडा आहे आणि जाबा नदीत पावसाळ्यात अजून गाळ उतरतो. २०२० मध्ये खाणीखालच्या गावांतील १५६ रहिवाशांनी नदी आणि जमीन बिघडवल्याबद्दल ऑस्ट्रेलियात रीतसर तक्रार केली, आणि त्यातून पर्यावरणाच्या हानीची पाहणी सुरू झाली. तक्रारदारांच्या पुढे होत्या थिओनिला रोका मॅटबॉब. त्यांचे वडील युद्धात मारले गेले, आणि २०२० मध्ये त्या खाणीच्याच परिसरातील मतदारसंघातून, राखीव नसलेल्या जागेवर, विधानसभेत निवडून आल्या.